१९६९ ची मॉरिस पिकअप आणि काचेवर न उडणारं पाणी

१८ मार्च २०२५ ला आमच्या मॉरिस मायनर पिकअपची एमओटी, म्हणजे इकडे इंग्लंडमध्ये गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची तपासणी, झाली, पास झाली, आणि मगच हे लिहायला बसलेय. गाडी चालू कशी केली, ब्रेक कसे केले हे सांगणारे इकडे गल्लोगल्ली भेटतात, पण काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरबद्दल विचारलं की सगळे म्हणतात "ते काय, सोपंय", आणि पुढे कोणी काही सांगत नाही. सोपं आहेही. फक्त कुठून सुरुवात करायची ते कळलं पाहिजे.

आधी गाडी कशी आली ते सांगते. मी बर्मिंगहॅममध्ये एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि आमच्याकडे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेला भाजीचा तुकडा आहे, इकडे त्याला अलॉटमेंट म्हणतात. मेथी, मुळा, थोडी अळूची पानं असा माझा संसार तिथे चालतो, आणि खताच्या गोण्या नवऱ्याच्या कारमधून न्यायच्या म्हटलं की आमच्या घरात भांडण ठरलेलं. छोटी पिकअप बघू म्हणता म्हणता नॉरफोकमधल्या एका शेतावर ही मिळाली. मॉरिस मायनरची कार सगळ्यांना माहीत असते, पण तिची व्हॅन आणि पिकअप १९५३ पासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निघायची. कारला वेगळी चॅसी नाही, व्हॅन-पिकअपला आहे, म्हणून मागे वजन टाकता येतं. ६ हंड्रेडवेट, म्हणजे साधारण ३०५ किलो. इंजिन १०९८ सीसीचं. शेवटची काही वर्षं या गाड्या बर्मिंगहॅमच्याच ॲडर्ली पार्कच्या कारखान्यात बनायच्या, म्हणजे आमच्या घरापासून बसने जाता येईल एवढ्यावर, आणि आम्ही ती आणली पार नॉरफोकहून!

बाबांना फोटो पाठवला तर पहिला प्रश्न, "अगं, ही आपल्या बेबी हिंदुस्थानसारखी दिसतेय की." बरोबर होतं त्यांचं. हिंदुस्थान मोटर्सने ही मायनर त्या नावाने भारतात विकली होती, आणि पुढे ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबेसेडर आली तीही याच घराण्यातली. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यामुळे आमच्या घरात गाडीचा विषय निघाला की फोन एक तासाच्या आत संपत नाही.

कागदांचं आधी सांगून टाकते, कारण त्यातच पहिले काही आठवडे गेले. २८ सप्टेंबर २०२४ ला गाडी घेतली तेव्हा काचेवर मे १९९३ चा टॅक्स डिस्क, म्हणजे रोड टॅक्स भरल्याचा गोल कागद, चिकटलेला होता आणि लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, कुठेच सापडलं नाही. असं असलं तर घाबरू नका, आधी डीव्हीएलएच्या, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या इथल्या सरकारी खात्याच्या, साइटवर नंबर टाकून बघा, फुकट असतं. गाडी त्यांच्या रेकॉर्डवर दिसली तर व्ही६२ फॉर्म आणि २५ पौंड, एवढंच. रेकॉर्डवर नसेल तर मात्र व्ही७६५ नावाचं वेगळं प्रकरण आहे, जुना नंबर आपल्याच गाडीचा आहे हे सिद्ध करावं लागतं आणि त्यात सहसा जुन्या गाड्यांच्या क्लबची मदत घ्यावी लागते. आमची दिसली, हुश्श झालं. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर सहीची पावती घेतली, फॉर्मसोबत चेक लावून पोस्टाने पाठवला. त्याच पाकिटात व्ही८९० पण घातला, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं जाहीर करणारा एसओआरएनचा फॉर्म. हे एसओआरएन प्रकरण ३१ जानेवारी १९९८ पासून आलं, त्याआधीपासून पडून असलेल्या गाड्यांना ते लागत नव्हतं, पण गाडीचा मालक बदलला की नव्या माणसाने करावंच लागतं, आधीच्याने केलेलं असलं तरी ते आपल्या नावावर येत नाही. गाडी घरी ट्रेलरवर आणली, त्याचे २२० पौंड गेले.

लॉगबुक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. त्यावर टॅक्सचा वर्ग अजून जुनाच, प्रायव्हेट/लाइट गुड्स. आता ४० वर्षांपेक्षा जुनी गाडी हिस्टॉरिक वर्गात टाकता येते, मग टॅक्स शून्य. आणि २० मे २०१८ पासून असा नियम आहे की अशा गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर एमओटीही लागत नाही, व्ही११२ फॉर्मवर तसं लिहून द्यायचं की झालं. नवरा म्हणाला, "मग प्रश्नच मिटला, सही कर आणि घेऊन जा." पण एमओटी माफ झाली तरी गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची जबाबदारी आपलीच असते, धोकादायक अवस्थेतली गाडी चालवली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट लागू शकतात. मला तीस वर्षं कोठारात पडलेल्या गाडीवर एकदा तरी परक्या माणसाची नजर फिरलेली हवी होती. म्हणून ठरवलं की माफी असली तरी पहिली एमओटी करायची, आणि तिथेच वॉशरचा विषय निघाला, कारण एमओटीच्या नियमावलीत कलम ३.५ वॉशरचंच आहे. वायपरसोबत काच साफ होईल एवढं पाणी काचेवर पडलं पाहिजे, नाहीतर फेल. नव्याकोऱ्या गाड्यासुद्धा इकडे बाटलीत पाणी नाही म्हणून फेल होतात.

ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या हे सगळं एका जुन्या गॅरेजवाल्याने केलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही, तो माझा प्रांत नाही. वॉशर मात्र मी घरी केला.

या गाडीत वॉशरला मोटर नाही. डॅशबोर्डवर एक काळं बटण आहे, ते अंगठ्याने आत दाबायचं, की डॅशबोर्डमागचा छोटा हातपंप पाणी ढकलतो, बटण सोडलं की स्प्रिंग त्याला परत बाहेर आणते आणि तेवढ्यात तो बोनेटखालच्या बाटलीतून पुढचं पाणी ओढून घेतो. बस. म्हणजे बाटली, बाटलीत बुडालेली नळी आणि तिच्या टोकाला एक छोटी झडप, मग पंप, मग टी, म्हणजे एका नळीच्या दोन करणारा जोड, मग दोन जेट, म्हणजे काचेवर पाणी उडवणारी तोंडं. माझं बटण दाबलं की आत जायचं आणि आतच राहायचं. बाटली पिवळी पडलेली, तळाला हिरवट काळा गाळ. नळी हातात घेतली तर काडीसारखी मोडली.

मला वाटलं पंपच मेलाय, नवा मागवते. बाबा व्हिडिओ कॉलवर होते, ते म्हणाले, "थांब. पंप शेवटी. आधी जेटपासून उलटं मागे ये. प्रत्येक तुकडा सुटा करून एकेकटा तपास, नाहीतर चार दोष एकावर एक बसलेले असतात आणि तू एक काढलास तरी पाणी काही येत नाही." मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं, आमच्या गाड्यांना कुठला वॉशर, पावसात ड्रायव्हर काचेला तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा चोळायचे, पाणी सरसर निघून जायचं. मी म्हटलं, "बाबा, इथला एमओटीवाला बटाट्याला पास करणार नाही हो."

पण त्यांचा सल्ला सोन्यासारखा निघाला. या सगळ्या कामात सगळ्यात उपयोगी पडलं ते हत्यार म्हणजे औषध पाजायची २० मिलीची सिरिंज. सुई नसलेली, लहान मुलांना सिरप देतो ती. कुठल्याही मेडिकलमध्ये पौंडाच्या आत मिळते. तिच्या तोंडाला दहा सेंटिमीटर नवी नळी बसवली की तुमच्या हातात एक पंप तयार होतो ज्याचा जोर तुम्हाला बोटाला कळतो. जेटला लावा, दाबा. पाणी गेलं तर जेट मोकळा, बोटाला भिंत लागली तर जेट बंद. टीच्या एका टोकाला लावा, उरलेली दोन टोकं बोटांनी बंद करून दाबा, कुठून गळतं का बघा. झडपेला एका बाजूने लावा, मग दुसऱ्या बाजूने, एकीकडून जायला पाहिजे आणि दुसरीकडून अजिबात नाही. पंपाला लावून उलटं ओढा, हवा ओढली जाते का ते कळतं. नोव्हेंबरमधला एक रविवार स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे सगळं मांडून बसले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे यादी होती: दोन्ही जेट बंद, टीला बारीक तडा, बाटलीतली झडप दोन्हीकडून मोकळी, पंपात हवा धरत नाही. बाबांचे चार दोष, मोजून.

जेट का बंद झाले असतील याचा विचार करताना एक गंमत कळली. बर्मिंगहॅमचं पाणी मऊ आहे, किटलीत क्षार धरत नाही, कारण ते येतं वेल्समधल्या एलन व्हॅलीच्या धरणांतून, १९०४ पासून, ७३ मैल, बहुतेक सगळं नुसत्या उतारावर. नॉरफोक मात्र खडूच्या दगडाचा प्रदेश, तिथलं पाणी एकदम जड. त्या माणसाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं असणार आणि ते जेटच्या तोंडाशी वाळून वाळून दगड झालेलं. त्यामुळे तुम्ही गाडी कुठून आणली हे बघा, पूर्वेकडून किंवा लंडनच्या बाजूने आली असेल तर क्षार धरूनच चाला.

जेट काढायला बोनेट उघडून खालून नट सोडवायचा असतो, तो गंजलेला होता, दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहिले आणि मग छोट्या पान्याने सुटला. जेटची भोकं पिनने किंवा सुईने कोरू नका. आत पितळ असतं, मऊ असतं, भोक मोठं झालं की धार जाते आणि नुसती लाळ गळते. कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड टाकून जेट रात्रभर ठेवले, सकाळी पाण्यावर पांढरट तवंग, मग गिटारची सगळ्यात बारीक तार, जी इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार असते ना, ती आतल्या बाजूने हळूच घातली आणि मग सिरिंजने उलटं पाणी मारलं. पहिला जेट लगेच सुटला. दुसऱ्याला पुन्हा एक रात्र लागली. सुटला तेव्हा त्यातून केसाएवढी धार निघून समोरच्या कपाटावर गेली आणि नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "काय फुटलं?" क्रोमचा मुलामा जुना असेल तर फार वेळ ॲसिडमध्ये ठेवू नका एवढंच सांगते.

बाटलीचं तोंड अरुंद, ब्रश जात नाही. मूठभर तांदूळ, थोडं गरम पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, झाकण लावून खळखळ हलवायचं. तीन-चार पाणी बदलली की गाळ सुटतो. पिवळेपणा जात नाही, त्याच्या मागे लागू नका, पारदर्शक आहे ना, पाणी किती आहे ते दिसतं ना, पुरे. झाकण मात्र उन्हातान्हात ठिसूळ झालेलं असतं, ते जोरात पिळू नका, मोडलं की बाटलीसकट नवा सेट घ्यावा लागतो.

मग पंप. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि खरंतर सगळ्यात जास्त मजाही इथेच आली.

डॅशबोर्डमागे हात घालायला सीटवर पाठ टेकून पाय वर, डोकं खाली असं झोपावं लागतं. पुढून बटणामागची गोल रिंग सोडवली की पंप मागून खाली येतो. त्याआधी मोबाईलने मागच्या सगळ्या वायरींचे फोटो काढून ठेवा आणि बॅटरीची एक तार सुटी करा, कारण तिथेच शेजारी दिव्यांचे स्विच आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीला मी एका विक्रेत्याकडून नवा बनवलेला पंप मागवला, २४ पौंडांना. दिसायला हुबेहूब, पण नळी बसवायची टोकं जाड, जुन्या मापाची नळी चढेना, आणि पुढची मान डॅशबोर्डच्या भोकापेक्षा थोडी मोठी. डॅशबोर्डचं भोक कोरायला माझा जीव होईना. परत पाठवला, पैसे मिळाले, पोस्टेज माझ्या खिशातून. मग कोणी सुचवलं की न्यू ओल्ड स्टॉक घे, म्हणजे त्याच काळातला पण न वापरलेला, डब्यातला. यात एक मेख आहे. न वापरलेला असला तरी आतलं रबर पन्नास वर्षांचंच असतं, डब्यात बसून रबर तरुण राहत नाही. तसा एक बघितला, ४५ पौंड सांगत होता, बटण दाबून बघितलं तर आमच्या जुन्यासारखंच आत अडकलं. तिथेच ठरवलं की आपलाच उघडायचा.

शेजारी एक रिटायर्ड काका राहतात, इंग्रजच, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेले. ते म्हणाले, कशाला डोकेदुखी, दहा पौंडांचा इलेक्ट्रिक पंप लाव. विचार केला मी त्याचाही, आणि तुम्ही करणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. या मायनरमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. इलेक्ट्रिक पंपाची मोटर कायम चुंबकाची असते, तिला वायर उलट दिल्या की ती उलटी फिरते, आणि उलट्या फिरणाऱ्या पंख्याने पाणी नीट ढकललं जात नाही. माणूस म्हणतो पंप खराब आला. तेव्हा पंपावर प्लसची खूण असलेली वायर या गाडीत बॉडीला, आणि मायनसची स्विचकडून येणाऱ्या तारेला लावायची. मी मात्र लावला नाही, कारण त्याला वेगळा स्विच, वेगळा फ्यूज, आणि १९६९ च्या जुन्या वायरींमध्ये हात घालणं आलं. ज्याची वायरिंग नवी आहे त्याने खुशाल लावावा, मला त्यात काही पाप वाटत नाही.

तर उघडला. माझ्या पंपाच्या मागे आट्यांचं झाकण होतं, पक्कडमध्ये कापड गुंडाळून फिरवलं तर सुटलं. झाकण सुटताना हाताची ओंजळ खाली धरा, आत स्प्रिंग दाबलेली असते. आत एक स्प्रिंग, एक दट्ट्या, दट्ट्यावर रबराचा कप, आणि मागे नखाएवढ्या दोन रबरी चकत्या, एक पाणी आत घेणारी आणि एक बाहेर सोडणारी. कप दगड झालेला. चकत्यांपैकी एक वाकडी होऊन तशीच गोठलेली, म्हणून पाणी पुढे जाण्याऐवजी मागे बाटलीतच जात होतं. शेजारच्या काकांनी डिजिटल व्हर्नियरने दट्ट्याची खाच आणि भिंतीचा व्यास मोजून दिला, कपाच्या जागी त्या मापाची नायट्रिल रबराची गोल कडी, म्हणजे ओ-रिंग, हायड्रॉलिकच्या दुकानात मिळाली, पाकिटात दहा, साडेतीन पौंड. चकत्या आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापल्या, चामड्याला भोकं पाडायच्या पंचने, म्हणजे कड एकदम गोल येते. कात्रीने कापाल तर कडेला कोन राहतो आणि तिथून गळतं. ट्यूबचा तुकडा सपाट जागेचा घ्या, वळणाचा घेतला तर चकती कुरळी होते. आणि चकती बसवायच्या आधी ती ज्या प्लास्टिकच्या बैठकीवर टेकते ती कापसाने पुसा, माझ्याकडे तिथेही क्षाराचा एक कण बसलेला होता, मोहरीपेक्षा लहान, पण तेवढ्याने झडप मिटली नसती.

वंगण म्हणून साधं ग्रीस लावू नका, खनिज तेलाने बरंचसं रबर फुगतं, सायकलची ट्यूब तर नक्कीच. सिलिकॉन ग्रीस घ्या, नळदुरुस्तीच्या दुकानात छोटी ट्यूब मिळते, ४ पौंड. पंप जोडला, ओट्यावर वाटीत नळी बुडवली, बटण दाबलं, सोडलं, दाबलं, आणि तिसऱ्या दाबाला पाणी आलं. बाबांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "गळतंय का खालून?" शाबासकीचा मेसेज दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवरून आला.

ख्रिसमसच्या सुट्टीत पुढचं करायचं ठरवलं होतं, पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इतका बर्फ आणि थंडी पडली की गाडीला हात लावायची इच्छा होईना. थंडीत पीव्हीसीची नळीही लाकडासारखी होते. थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन बसा, नळीचं टोक अर्धा मिनिट त्यात बुडवा आणि लगेच चढवा, तेल-साबण काही लागत नाही, गार झालं की स्वतःच आवळून बसतं. नळी ब्लेडने काटकोनात कापा. बोनेटखालून आत जाते तिथे पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी कडी, पाहिजेच, नाहीतर पत्र्याची धार नळी कापते. एक्झॉस्टच्या बाजूने नेऊ नका. आणि मापात एक वीत जास्त धरा, कारण पंप कधी बाहेर ओढायचा झाला तर नळी सोबत आली पाहिजे. तीन मीटर नळी, नवा टी, बाटलीतली नवी झडप, सगळं मिळून ९ पौंड. झडपेवर बाण असतो, पाणी जिकडे जाणार तिकडे त्याचं टोक. बाण पुसट असेल तर तोंडाने फुंकून बघा. या झडपेमुळे पाणी नळीत भरलेलं राहतं, नाहीतर दर वेळी पाणी बाटलीत उतरतं आणि तुम्ही गाडी चालवता चालवता अंगठ्याने बटण दाबत बसता, तोवर पुढच्या लॉरीने उडवलेला चिखल काचेवर वाळून जातो.

फेब्रुवारीत एका कोरड्या शनिवारी सगळं जोडलं. पाणी आलं, पण एक धार छतावरून मागे आणि दुसरी बोनेटवर. जेटची दिशा थोडी थोडी फिरवत वायपर जेवढा भाग पुसतो त्याच्या वरच्या तिसऱ्या भागात धार पडेल अशी लावली, गाडी पळताना वारा ती खाली दाबतो. वायपरची मोटर लुकासची आहे, एकाच वेगाची, तिच्यात काही करावं लागलं नाही, ब्लेड तेवढे नवे घातले, १२ पौंड. काच आधी व्हिनेगरने पुसून घ्या, नाहीतर तीस वर्षांचा चिकटा वायपर नुसता इकडून तिकडे फिरवतो आणि आपल्याला वाटतं वॉशरच कमी पडतोय.

बाटलीत नुसतं पाणी भरू नका हे मात्र मी फार्मसीवाली म्हणून कळकळीने सांगते. २०१० मध्ये इथल्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीने एक अभ्यास मांडला होता, त्यात वॉशरमधल्या नुसत्या साध्या पाण्याचा संबंध लेजिओनेअर्स रोगाशी, म्हणजे एका प्रकारच्या न्यूमोनियाशी दिसला होता. कोमट साचलेलं पाणी, वर फवारा, आणि तो श्वासात जाणार, जंतूंना अजून काय पाहिजे. स्क्रीनवॉश, म्हणजे वॉशरच्या पाण्यात घालायचं तयार लिक्विड, मिसळा, पाच लिटरचा कॅन ६ पौंडांना येतो, आणि हिवाळ्यात गोठू नये म्हणून तो लागतोच. फक्त कॅनवर लिहिलेलं प्रमाण बघा, उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं.

एमओटीसाठी दोन-तीन ठिकाणी फोन केले. एकाने सांगितलं एवढी जुनी गाडी आम्ही घेत नाही. दुसऱ्याने विचारलं, "तुम्हाला माहितेय ना ही माफ आहे?" मी म्हटलं हो, तरी हवी आहे. तो हसला आणि तारीख दिली. ही पिकअप क्लास ४ मध्येच येते, जास्तीत जास्त फी ५४.८५ पौंड, माझ्याकडून त्याने ४५ घेतले. आधीच वेळ ठरवलेल्या एमओटीला जाताना टॅक्स नसला तरी गाडी चालवून नेता येते, पण इन्शुरन्स लागतोच, तो मी आदल्या आठवड्यात क्लासिक गाड्यांचा घेतला, वर्षाचे ९८ पौंड. बुकिंगचा मेसेज मोबाईलवर उघडून ठेवा, कोणी थांबवलं तर दाखवायला.

टेस्टर साधारण माझ्याच वयाचा. गाडीत बसल्यावर त्याने वॉशरचं बटण शोधलं, वायपरच्या दांड्यावर नाही, पायाशी नाही, मग मी खिडकीतून बोट दाखवलं. दाबलं, दोन्ही धारा काचेवर, वायपर फिरले, काच साफ. त्याने परत एकदा दाबलं, मला वाटतं गंमत म्हणूनच. सर्टिफिकेट मिळालं, सोबत दोन ॲडव्हायझरी, म्हणजे फेल न करता दिलेल्या सूचना: मागच्या एका टायरच्या भिंतीला बारीक चिरा आणि इंजिनखाली थोडं तेल. तेलाबद्दल तो म्हणाला, नसतं तर काळजी वाटली असती.

तिथून त्याच आठवड्यात पोस्ट ऑफिस. गाड्यांच्या टॅक्सचं काम सगळ्या पोस्ट ऑफिसात होत नाही, आधी साइटवर बघून जा. व्ही५सी, टॅक्सचा व्ही१० फॉर्म आणि एमओटीचं सर्टिफिकेट दिलं, वर्ग बदलून हिस्टॉरिक करा म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी आतून कोणाला तरी विचारून घेतलं, शिक्के मारले, पावती शून्य पौंडांची. लॉगबुक त्या ठेवून घेतात आणि डीव्हीएलएकडे पाठवतात, त्यामुळे आधी त्याचा फोटो काढून ठेवा. नवीन लॉगबुक एप्रिलच्या शेवटी घरी आलं. टॅक्स शून्य असला तरी दरवर्षी तो भरल्याची नोंद करावीच लागते, शून्य आहे म्हणून विसरलात तर दंडाचं पत्र येतं.

वॉशरचा माझा एकूण खर्च, स्क्रीनवॉश आणि ब्लेड धरून, चाळीस पौंडांच्या आत बसला, परत पाठवलेल्या पंपाचं पोस्टेजही त्यातच. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या किती टिकतील ते बघायचंय, म्हणून जास्तीच्या सहा कापून ओ-रिंगच्या पाकिटासोबत ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवल्यात. थंड सकाळी बटण परत बाहेर यायला जरा आळस करतं, पण येतं. आता हीटरकडे बघायचंय, त्याच्या नळ्यांना हात लावायच्या आधी कोणी या पिकअपचा हीटर खोललेला असेल तर मला जरूर सांगा, विशेषतः त्याचा पाण्याचा कॉक इंजिनवरून न मोडता कसा काढायचा ते.